फिरता लेआउट: एकट्याने उचलता येईल अशी छोटी मॉडेल रेल्वे आणि तिचे पाय

मॉडेल रेल्वे सुरू करताना बहुतेकजण आधी इंजिन घेतात, मग रूळ, आणि मग रुळांखाली टाकायला एखादी फळी शोधतात. लेआउट, म्हणजे बोर्ड, रूळ आणि देखावा मिळून झालेली रेल्वे, घरात एकाच जागी राहणार असेल तर हा क्रम चालून जातो. पण तो उचलून न्यायचा असेल, मग प्रदर्शनाला असो, मित्राकडे असो किंवा नुसता पलंगाखालून टेबलावर, तर क्रम नेमका उलटा लागतो. आधी दार आणि गाडी, मग बोर्ड आणि पाय, मग रूळ, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. झाडं, घरं, गवत नंतर कितीही वेळा बदलता येतं. वाकडा बोर्ड आणि डुगडुगणारे पाय मात्र लेआउट मोडीत निघेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त मजकूर लाकडाचा आहे. सजावटीवर फारसं काही सांगणार नाही.

आधी टेप, मग कागद

दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि गाडीची डिकी मोजून घ्या. डिकीची आतली लांबी मोजून थांबू नका, तिच्या तोंडाची रुंदी आणि उंचीही मोजा. आत मावणारी वस्तू तोंडातूनच जात नाही, असं नेहमी होतं. मनात ठरवलेल्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर सगळ्यात उंच इमारतीएवढं खोकं ठेवा आणि ते प्रकरण खरोखर गाडीत घालून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचं बरंच सुतारकाम वाचतं.

वजनाचा आणि लांबीचा माझा दंडक असा: एक बोर्ड सगळ्या सजावटीसकट सात-आठ किलोंच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि १२० सेमीहून लांब करायचा नाही. त्यापुढे दोन्ही टोकं एका माणसाच्या हातात नीट येत नाहीत, आणि मग दरवेळी सोबतीला कुणीतरी शोधावं लागतं.

प्रमाण आणि रुळांचा आराखडा

नवख्यासाठी दोनच प्रमाणं खरी विचारात घेण्यासारखी आहेत. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी (ब्रिटनमध्ये एन म्हणजे १:१४८ आणि जपानमध्ये बहुतांशी १:१५०, पण रूळ तेच). खरी १० मीटरची वाघीण एचओमध्ये साधारण साडेअकरा सेंटिमीटरची होते, एनमध्ये सव्वासहा. जागा लहान म्हटली की सगळे एनकडे वळतात. लांब गाडी गोल फिरताना बघायची असेल तर ते बरोबरच आहे. पण वाघिणी जोडणं-सोडणं, म्हणजे शंटिंग, हाच खेळ असेल तर मी एचओ घ्यायला सांगेन. कपलिंग डोळ्यांना दिसतं, बोटांना सापडतं, आणि लहान इंजिनही वजनामुळे रुळाला धरून चालतं. तिसरी एक वाट आहे ती अरुंद गेजची: माणसं आणि घरं एचओची, रूळ ९ मिमीचे. तिच्यात वळणं खूप आखूड घेता येतात, पण तयार सामान त्या मानाने कमी मिळतं.

वर्तुळाचा मोह आधीच सोडवून टाकू. एचओमध्ये ४५७ मिमी त्रिज्येचं वळण बऱ्याच गाड्यांना चालतं. पण दोन्ही बाजूंना तेवढी त्रिज्या आणि वर थोडी कड धरली की बोर्ड मीटरभर रुंद होतो. मीटरभर रुंदीचा बोर्ड एकटा माणूस दारातून नेऊ शकत नाही. एनमध्ये काटो युनिट्रॅकचं (काटो या जपानी कंपनीचे तयार रूळ) २४९ मिमी त्रिज्येचं वळण घेतलं तर ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदीत काम भागतं. एचओमध्ये मात्र टोकापासून टोकापर्यंतचा सरळ आराखडाच घ्या.

पहिल्या लेआउटला मी डोळे झाकून ज्याचं नाव घेतो तो आराखडा म्हणजे इंगलनुक सायडिंग्ज. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात दोनच पॉइंट (एका रुळाला दुसरा फुटतो तो सांधा) आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) असतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पॉइंटच्या अलीकडे शंटिंगसाठी जो रूळ असतो त्यात इंजिन आणि फक्त तीन वाघिणी मावतात. खेळाला आठ वाघिणी लागतात. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने गाडी लांब सायडिंगमध्ये उभी करायची. आठांतून पाच क्रमाने निवडण्याच्या ६,७२० तऱ्हा होतात, म्हणजे कंटाळा यायला वेळ लागतो. पाच-तीन-तीन हे गणित मोडू नका. शंटिंगच्या रुळात चौथी वाघीण मावली की कोड्यातली गंमत बरीच जाते, म्हणून तो रूळ मुद्दाम आखूडच ठेवायचा असतो.

जॉन अ‍ॅलन यांचा टाइमसेव्हर (१९७२) हाही प्रसिद्ध आहे, पण तो घड्याळाशी स्पर्धा लावणारा खेळ आहे. रोज निवांत खेळायला मला तो दमवणारा वाटतो. आणि सुट्या खोक्यांची रेल्वे हवी असेल तर एनमधली टी-ट्रॅक पद्धत बघा. टेबलावर ठेवायची ३०८ मिमी रुंद खोकी, त्यांवर ३१० मिमी लांबीचे युनिट्रॅकचे रूळ. रूळ मिलिमीटरभर बाहेर आल्यामुळे खोकी न अडखळता एकमेकांत अडकतात. तिथे सुतारकाम अगदीच थोडं असतं, म्हणून तिच्याबद्दल इथे एवढंच.

मापं कागदावर

आता एचओच्या इंगलनुकची मापं मांडू. कपलिंगसकट वाघीण १३० मिमी धरू आणि लहान शंटिंग इंजिन १५० मिमी. तुमच्याकडच्या वाघिणी हाताने जोडून, पट्टीने मोजून हे आकडे बदला. पुस्तकी मापावर विसंबू नका. शंटिंगचा रूळ म्हणजे १५० अधिक तीन वेळा १३०, एकूण ५४० मिमी. लहान त्रिज्येचा पॉइंट, उदाहरणार्थ पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतला, १८५ मिमी लांब असतो. पॉइंट संपल्यावरही शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला धक्का लागू नये इतकं अंतर पडायला आणखी साधारण १०० मिमी लागतात. त्यापुढे पाच वाघिणींचे ६५० मिमी.

आता बोर्डचा जोड कुठे पाडायचा हे ठरवा. दीड-पावणेदोन मीटरचे दोन सारखे तुकडे करावेत असं वाटतं, पण तसं केलं तर जोड पॉइंटच्या आसपास येतो. तिथे दोन रूळ, त्यातला एक तिरका, जोड ओलांडतात. त्यापेक्षा शंटिंगचा रूळ हाच वेगळा, चिंचोळा बोर्ड करा: ६० सेमी लांब आणि १२ सेमी रुंद. दोन्ही पॉइंट आणि तिन्ही सायडिंग मोठ्या बोर्डवर येतील, तो १०० सेमी लांब आणि ३० सेमी रुंद. मग जोड ओलांडतो तो एकच रूळ, सरळ आणि काटकोनात. मोठ्या बोर्डवर जोडापासून ३० मिमी सरळ रूळ, २१५ मिमीपर्यंत पहिला पॉइंट, ३१५ पासून ९६५ पर्यंत लांब सायडिंग. दुसरा पॉइंट पहिल्याला लागूनच, ४०० मिमीपर्यंत. त्यापुढच्या आखूड सायडिंग ५०० पासून ८९० पर्यंत. टोकाला बफर लावायला जागा उरते.

दोन्ही बोर्ड मिळून क्षेत्रफळ जवळपास चार चौरस फूट भरतं. अमेरिकेतले कार्ल आरेन्ट यांनी ज्या मायक्रो लेआउटचा हिरिरीने प्रसार केला, त्यांची मर्यादाही साधारण तेवढीच होती. हाच आराखडा एनमध्ये ८५ सेंटिमीटरच्या आसपास बसतो, म्हणजे एकाच बोर्डवर, बिनजोडाचा.

बोर्ड

बोर्ड म्हणजे जाड फळी नव्हे. पातळ फळीखाली उभ्या पट्ट्यांची चौकट, म्हणजे उथळ उपडं खोकं. पट्टी उभी केली की तिचा ताठपणा खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: खोली दुप्पट केली तर ताठपणा आठपट. म्हणून १८ मिमी जाडीची सपाट फळी स्वतःच्या वजनाने वाकते, आणि ९ मिमी प्लायची ९० मिमी खोलीची उभी पट्टी मीटरभर अंतरात हलतसुद्धा नाही.

मोठ्या बोर्डला वर ६ मिमी प्लाय, बाजूंना ९ मिमी प्लायच्या ९० मिमी खोलीच्या पट्ट्या, आणि आत दोन आडव्या पट्ट्या ७० मिमी खोलीच्या. बर्च प्लायची घनता घनमीटरला साधारण ६८० किलो धरली तर हे सगळं तीन किलोंच्या आत बसतं. चिंचोळा बोर्ड एक किलोच्या किंचित वर. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ टाळा. दोन्ही जड असतात, ओल लागली की फुगतात, आणि कडेला मारलेला स्क्रू धरून ठेवत नाहीत. एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिनचा फोम वजनाला फारच हलका असतो आणि दऱ्या-ओढे कोरायला मजा येते. पण त्याच्या कडा प्रवासात मार खातात आणि बोल्ट धरायला त्यात काहीच नसतं. फोम वापरायचाच असेल तर भोवती प्लायची चौकट करा.

जोडाच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या पट्ट्या, म्हणजे मोठ्या बोर्डची एक आणि चिंचोळ्याची एक, आधी बाजूला काढा. त्या चौकटीत बसवण्यापूर्वीच एकमेकींवर क्लॅम्पने घट्ट आवळा आणि दोन्हींतून एकदमच ३ मिमीची भोकं पाडा. ही भोकं नंतर डॉवेल (दोन बोर्ड जुळवणाऱ्या खुंट्या) आणि बोल्टच्या मापाला वाढवायची. आधी बोर्ड बांधून मग भोकं जुळवायला गेलात तर ती जुळत नाहीत.

मग चौकट: लाकडाचा पांढरा डिंक आणि स्क्रू, कोपऱ्यात लाकडाचे चौकोनी ठोकळे. डिंक ओला असताना गुण्या लावाच, आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. चौकट सपाट जमिनीवर ठेवून वाळवा, नाहीतर पीळ पडतो आणि पीळ पडलेला बोर्ड नंतर सरळ होत नाही. आतल्या पट्ट्यांना वायरींसाठी २० मिमीची भोकं आत्ताच पाडून घ्या. नंतर तिथे ड्रिल शिरत नाही. ही पट्टी पॉइंटच्या बरोबर खाली येत नाही ना, हेही आत्ताच बघा, कारण पॉइंटची मोटर किंवा सळई तिथेच बसणार आहे. शेवटी खालून-वरून, कडांनासुद्धा, रंग किंवा वॉर्निश लावा. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू हवेतली ओल पिते आणि फळी वाकते.

जोड

दोन बोर्ड एकमेकांना जुळवणं आणि घट्ट धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती दोन वेगळ्या वस्तूंना द्यायची. जुळवायला पितळेच्या नर-मादी डॉवेल, दोन, पट्टीच्या दोन्ही कडांजवळ आणि एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. धरायला एम६चे दोन बोल्ट आणि विंग नट, त्यांच्या खाली. बोल्टची भोकं ७ मिमीची, म्हणजे किंचित सैल ठेवा. घट्ट भोकातला बोल्ट डॉवेलशी भांडतो आणि जोड मिलिमीटरच्या अंशाने सरकवतो. रुळांवर तेवढंही चाकाला जाणवतं.

आता त्या जोडावरचा रूळ. इथे घाई करू नका, लेआउटचं नाव याच दोन सेंटिमीटरांवर ठरतं. बोर्ड बोल्टने पक्के आवळून ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून पाचेक मिलिमीटर आत, प्रत्येक रुळाच्या बरोबर खाली एक पितळी स्क्रू बसवा, एकूण चार. रूळ जोडावरून अखंड टाका. जोडाजवळचे प्लास्टिकचे स्लीपर आधीच कापून काढलेले असू द्या. आता स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवत डोकं रुळाच्या तळाला नुसतं टेकेपर्यंत वर आणा. रूळ उचलला जाता कामा नये. पट्टी उभी धरून प्रकाशाकडे बघितलं की कळतं. मग फ्लक्स लावा, गरम टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ स्क्रूला सोल्डर करा आणि थंड होऊ द्या. उरलेला रूळ चिकटवून झाला, डिंक पूर्ण वाळला, की मगच बारीक दाताच्या करवतीने किंवा कटिंग डिस्कने जोडावर बरोबर उभा छेद द्या. छेदाच्या आतल्या कडेवर बारीक कानस एक-दोनदा फिरवा, चाकाची कड अडकत नाही. स्लीपरचे तुकडे खालून तासून परत चिकटवले आणि खडी टाकली की स्क्रू दिसत नाहीत. आधी कापून मग जुळवलेले रूळ कधीच इतके नेमके बसत नाहीत.

पाय

बोर्ड तयार झाला की लगेच पाय करा. रूळ टाकायला हात शिवशिवत असतील, तरी.

उंची आधी ठरवा. वेगवेगळ्या मॉड्युल मंडळींनी, म्हणजे आपापले सुटे तुकडे एकत्र जोडून रेल्वे करणाऱ्यांनी, ती आपापल्या परीने ठरवली आहे. एनट्रॅकमध्ये रूळ जमिनीपासून ४० इंचांवर, म्हणजे १०१६ मिमीवर असतात. फ्री-मोमध्ये ५० इंचांवर, म्हणजे १२७० मिमीवर. युरोपातल्या फ्रेमोमध्ये एचओसाठी १३०० मिमीवर. उंच लेआउट बघायला सुंदर दिसतो, कारण नजर रुळांच्या पातळीला येते. पण हात कोपरातून वर उचलून तासभर कपलिंग सोडायचं असेल तर खांदे बोलायला लागतात, आणि लहान मुलांना काही दिसतच नाही. शंटिंगच्या लेआउटला मी १०५ ते ११० सेंटिमीटर घेतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कोपराच्या आसपास. बसून खेळायचं असेल तर साधं टेबल पुरतं.

टेबलावर ठेवायच्या बोर्डला चार नव्हे, तीन पाय द्या: जोडाच्या टोकाला दोन कोपऱ्यांत दोन, दुसऱ्या टोकाला मधोमध एक. तीन बिंदूंवर ठेवलेली वस्तू कशाही पृष्ठभागावर डुगडुगत नाही. चौथा पाय आला की तो लंगडायला लागतो. चिंचोळ्या बोर्डच्या मोकळ्या टोकाखाली सरकवता येईल असा एक ठोकळा पुरे. पायांसाठी खालून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) बसवा, त्यांत एम८चे बोल्ट आणि बोल्टच्या डोक्याला रबर. बोल्ट फिरवला की उंची वर-खाली होते.

उभ्याने खेळायला पाय थेट बोर्डच्या आत दुमडणारे करता येतात. मीटरभराच्या बोर्डमध्ये ९५ सेंटिमीटरपर्यंतचा पाय झोपतो, आणि एक जोडी दुसरीपेक्षा अरुंद केली तर दोन्ही जोड्या एकमेकींत बसतात. पण ३० सेंटिमीटर रुंदीचा आणि ११० सेंटिमीटर उंचीचा लेआउट एका धक्क्यात पालथा होऊ शकतो. खाली पाय पसरले पाहिजेत, आणि ते दुमडत्या पायांत जमवणं किचकट आहे. म्हणून अशा चिंचोळ्या लेआउटला मी वेगळ्या घोड्या पसंत करतो.

घोडी म्हणजे दोन चौकटी, वरच्या बाजूला दोन बिजागऱ्यांनी जोडलेल्या. प्रत्येक चौकट ५० सेंटिमीटर रुंद, २० बाय ४५ मिमीच्या सरळ रेषांच्या पाइनची. ही रुंदी लेआउटच्या पुढे-मागे येते आणि तो पालथा होऊ देत नाही. घोडी उघडते ती लेआउटच्या लांबीच्या दिशेला, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, आणि त्या दिशेचं डुलणं थांबवते. उघडण मर्यादेत ठेवायला खाली दोन्हीकडे दोरी किंवा साखळी लावा. दोन्हीकडची लांबी अगदी सारखी हवी. चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी मारा, किंवा चारही कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोण. नुसत्या चौकोनाला कितीही स्क्रू मारले तरी तो समांतरभुज होऊ बघतो. त्रिकोणाला ती मुभाच नसते. पाय जाड करून डुगडुगणं जात नाही, फक्त वजन वाढतं.

दोन घोड्यांवर दोन तुळया, १२० सेंटिमीटर लांब, २० बाय ७० मिमीच्या, उभ्या ठेवलेल्या. घोडीच्या वरच्या पट्टीत त्यांच्यासाठी नेमक्या खाचा पाडा, म्हणजे तुळया आडव्या पडत नाहीत आणि घोड्याही आपापल्या जागी राहतात. तुळयांवर चार आडव्या पट्ट्या, दोन मोठ्या बोर्डखाली, दोन चिंचोळ्याखाली. त्यांना खालून छोटे ठोकळे मारले की त्या तुळयांवर घसरत नाहीत. घोड्या लेआउटच्या अगदी टोकांना लावू नका. सारख्या वजनाची लांब वस्तू दोन ठिकाणी टेकवायची असेल तर प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२ टक्के आत टेकवली की ती सगळ्यात कमी वाकते. १६० सेंटिमीटरच्या लेआउटला हे अंतर ३५ सेंटिमीटर येतं, म्हणजे घोड्यांमध्ये ९० सेंटिमीटर.

घोडीची उंची उलट वजाबाकीने काढा. रूळ ११० सेंटिमीटरवर हवेत. त्यातून तुळईचे ७, पट्टीचे २, बोर्डचे साडेनऊ आणि कॉर्क व रूळ मिळून सुमारे एक, असे साडेएकोणीस वजा केले की साडेनव्वद सेंटिमीटर उरतात. हे माप घोडी पूर्ण उघडल्यावर, खाचेच्या तळापासून जमिनीपर्यंतचं आहे. म्हणून पाय थोडे लांब ठेवा, घोडी उघडून बघा आणि मगच टोकं कापा. प्रत्येक घोडीच्या निदान दोन पायांना टी-नट आणि बोल्टचे फिरते तळ हवेतच. सभागृहांच्या फरशा पाणसळीत नसतात, दोन-तीन सेंटिमीटरची सोय ठेवलेली बरी.

हे सगळं करायचं नसेल तर इस्त्रीचं टेबल बघा. हलकं, घडीचं, उंची बदलणारं, आणि ३० सेंटिमीटरचा बोर्ड त्यावर नीट बसतो. बरेच मायक्रो लेआउटवाले तेच वापरतात. थोडं डुलतं, पण चालतं.

पाणसळ ठेवून लेआउट सरळ केलात तरी शेवटची परीक्षा वाघिणीची. सगळ्यात सुळकन पळणारी वाघीण प्रत्येक सायडिंगमध्ये सोडून बघा. ती आपसूक चालायला लागली तर पायाचे बोल्ट फिरवा. शंटिंगमध्ये सोडलेली वाघीण जागेवरच उभी राहिली पाहिजे, नाहीतर खेळच होत नाही.

वीज

एका इंजिनाच्या लेआउटला साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरतो. इंजिनाचा आवाज, दिवे वगैरे हवे असतील तर डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, घ्या. वायरी दोन्हीला जवळपास सारख्याच. बोर्डवर फक्त कमी व्होल्टेज येऊ द्या. मेन्सचा अडॅप्टर खाली, भिंतीच्या प्लगजवळच राहिला पाहिजे.

रुळांच्या फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, विजेसाठी भरवसा ठेवू नका. प्रवासाच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची बारीक वायर सोल्डर करा, ०.२ चौरस मिमीची पुरते, आणि ती ०.५ चौरस मिमीच्या मुख्य जोडीला जोडा. लाल पुढच्या रुळाला, काळी मागच्या, आणि हा नियम सगळीकडे पाळा. बोर्डच्या जोडावर वायरी एकाच प्लगमधून न्या, आणि तो उलटा बसूच शकणार नाही असा निवडा.

लहान इंजिन अडतं ते बहुधा पॉइंटच्या फ्रॉगवर, म्हणजे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर आखूड इंजिनाची चाकं एका क्षणी विजेपासून तुटतात आणि इंजिन थबकतं. धातूचा फ्रॉग घ्या आणि पॉइंटबरोबर पालटणाऱ्या स्विचने त्याला वीज द्या. थोडं काम वाढतं, पण इंजिनाला बोटाने ढकलणं थांबतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. घासपेपरने नको, ओरखड्यांत मळ भरतो.

सजावटीआधी एक रंगीत तालीम

रूळ टाकले, गाडी चालली, की खडी-गवत लावण्याआधी लेआउट पूर्ण सोडा, गाडीत भरा, एक चक्कर मारून आणा आणि परत उभा करा. काय सैल पडतं, कुठला बोल्ट हाताला येत नाही, कुठली वायर लोंबते, हे आत्ताच कळतं आणि आत्ताच सहज दुरुस्त होतं. एकट्याने उभा करायला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त लागत असतील तर कुठलं पाऊल वेळ खातं ते बघा. बहुतेकदा ते बोल्टच असतात, आणि पान्याऐवजी विंग नट लावले की सुटतं.

सजावटीत दोन पथ्यं. बोर्डच्या कडेबाहेर काहीही येऊ देऊ नका, झाडाची फांदीसुद्धा. आणि उंच, नाजूक वस्तू, म्हणजे सिग्नल, दिव्याचे खांब, धुराडी, काढता येतील अशा बसवा. खाली खिळा किंवा नळीत बसणारी तार पुरते. मागचा पडदा ३ मिमीच्या प्लायचा, स्वतंत्र, बोर्डच्या मागे दोन खाचांत सरकणारा असावा. खडी पातळ केलेल्या डिंकाने दोनदा बसवा. प्रवासात सुटलेला एक खडा पॉइंटच्या जिभेत अडकला की सगळं ठप्प होतं.

भरणं

मोठ्या बोर्डच्या दोन्ही टोकांना प्लायच्या उंच पाट्या लावा, जोडाच्या टोकाची पाटी तिथल्याच डॉवेल आणि बोल्टच्या भोकांवर. चिंचोळा बोर्ड ६० सेमीचाच असल्याने या पाट्यांमध्ये पुरत नाही, तो वेगळा ठेवा. मोठ्या बोर्डच्या बाजूंना आणि वर पुठ्ठा किंवा पातळ प्लाय लावा, म्हणजे बंद खोकं होतं, आणि उचलायला टोकाच्या पाटीत हाताची भोकं पाडा. इंजिन-वाघिणी बोर्डवर ठेवून नेऊ नका, त्यांची पेटी वेगळी. बंद गाडीत उन्हात बोर्ड ठेवलाच असेल तर सभागृहात आणल्यावर लगेच चालवू नका, अर्धा तास थांबा. मीटरभर रूळ वीस अंशांच्या फरकाने तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतो, आणि जोडावरचा छेद तेवढ्यात मिटू शकतो.

हत्यारांच्या पिशवीत जादा बोल्ट, विंग नट, एक डॉवेल, सोल्डरिंग आयर्न, लहान पाणसळ, कपलिंग सोडायची बांबूची बारीक काडी आणि तळांखाली सारायला पातळ लाकडी पाचरी. गाडीत आधी बोर्डचं खोकं, त्याच्या बाजूला पडदा आणि तुळया, मग हत्यारांची पिशवी, आणि घोड्या सगळ्यात शेवटी. पोहोचल्यावर आधी हातात यायला हव्यात त्या घोड्याच.